ताई एच-४, धाकटा सिटिझन

महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवात आरती आणि जेवण यांच्या मधे एक परिसंवाद हमखास असायचा. नाव दरवर्षी वेगळं, विषय तोच: इथे वाढणारी आपली मुलं आणि दोन संस्कृती. भाड्याने घेतलेल्या हायस्कूलच्या सभागृहात आम्हा चार-पाच मुलांना स्टेजवर ओळीने बसवायचे आणि कुणीतरी काका माइक पुढे करून विचारायचे, "काय गं बाळा, तुला जास्त इंडियन वाटतं की अमेरिकन?" आम्ही सगळे पाठ केल्यासारखं 'दोन्ही' म्हणायचो. टाळ्या पडायच्या. मागून मसालेभाताचा वास यायला लागला की परिसंवाद आपोआप गुंडाळला जायचा.

प्रश्नात वाईट काहीच नव्हतं. पण त्या ओळीत बसलेल्या मुलांमधला खरा फरक त्यात कुठेच येत नव्हता. कोण घरी मराठी बोलतं, कोण डब्यात पोळीभाजी नेतं, याबाबतीत आम्ही साधारण सारखेच होतो. फरक होता तो ज्याच्या त्याच्या घरच्या फायलीत. काही मुलं जन्मानेच अमेरिकन नागरिक होती, काहींना आईबाबांबरोबर ग्रीनकार्ड मिळालं होतं आणि माझ्यासारखी काही एच-४ वर होती, म्हणजे एच-१बी या नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर असणाऱ्याची अवलंबून मुलं. हे सगळ्यांना माहीत असायचं. त्यावर बोलणंही भरपूर व्हायचं, पण ते पार्किंगमध्ये, उरलेलं जेवण गाडीत ठेवता ठेवता, मोठ्यांचं मोठ्यांत.

आम्ही २००५ मध्ये पुण्याहून न्यू जर्सीला आलो. माझी नुकतीच दुसरी झाली होती. अमेरिकी वकिलात तेव्हा मुंबईत ब्रीच कँडीला होती, अगदी समुद्राला लागून. बीकेसीत ती नंतर गेली. त्या रांगेची माझी आठवण म्हणजे चावणारे नवे बूट आणि आईने दहादा बजावलेलं, "विचारलं तरच बोल." पुढच्या वर्षाच्या अखेरीस न्यू जर्सीतल्याच एडिसन गावी धाकटा भाऊ झाला. अमेरिकेच्या राज्यघटनेतली चौदावी दुरुस्ती १८६८ ची. तिथे जन्मलेलं मूल नागरिक ठरतं, आणि आईबाप परदेशी असले तरी ठरतं, हे सर्वोच्च न्यायालयाने १८९८ मध्ये वाँग किम आर्क या सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेल्या चिनी वंशाच्या माणसाच्या खटल्यात सांगितलं. त्यामुळे आमचा धाकटा धड डोळे उघडायच्या आत सिटिझन झाला. घरात तिघांचे पासपोर्ट भारतीय, एकाचा अमेरिकन. दोन्ही निळेच. बाबांच्या कपाटात ते एकावर एक ठेवलेले असायचे आणि वरचा सिंह की गरुड हे बघितल्याशिवाय कुठला कुणाचा ते कळायचं नाही.

गंमत म्हणजे घरातल्या काळज्यांची वाटणी याच्या बरोबर उलटी होती. मी पुण्यात वाचायला शिकून आले होते, त्यामुळे माझ्या मराठीची कुणाला चिंता नव्हती. चिंता सगळी धाकट्याची. तो आजीशी फोनवर इंग्रजीत बोलायचा, 'ळ' ला अडखळायचा, वरणभात चमच्याने खायचा. त्याला रविवारी मराठी शाळेत घातलं. अशा शाळा अमेरिकेत गावोगावी आहेत, बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या छत्राखाली चालतात, तिथे आईवडीलच हौसेने शिकवतात. आमच्या शाळेत तर आईच शिकवायची. ती पुण्यात गणिताची शिक्षिका होती आणि अमेरिकेत आल्यावर तिला पगारी काम करायची परवानगी नव्हती, तेव्हा तिने तिचा सगळा दांडगा उत्साह बाराखडीवर काढला. एकंदरीत संस्कारांचा घोर धाकट्यामुळे आणि कागदांचा घोर माझ्यामुळे, अशी विभागणी होती. माझा घोर मात्र स्टेजवर येण्यासारखा नव्हता.

रोज सकाळी शाळेत छातीवर हात ठेवून आम्ही झेंड्यापुढे प्रतिज्ञा म्हणायचो. मला ती भावाच्या कितीतरी आधी पाठ झाली. तिसरीत असताना माझी अशी प्रामाणिक समजूत होती की, ही प्रतिज्ञा पुरेशा वेळा म्हटली की आपणही सिटिझन होतो, आणि बाई बहुतेक कुठेतरी मोजत असणार.

मोजणी होत होती, पण ती वेगळी. नोकरीच्या आधारावर अमेरिका वर्षाला साधारण १ लाख ४० हजार ग्रीनकार्डं देते आणि कुठल्याही एका देशात जन्मलेल्यांना त्यातली सात टक्क्यांपेक्षा जास्त सहसा मिळत नाहीत. नियम १९९० च्या कायद्यातला. देश छोटा असो की मोठा, टक्का तोच, आणि बायकामुलंही त्याच आकड्यात मोजली जातात. नागरिकत्व कुठलं हेही बघत नाहीत, जन्म कुठे झाला ते बघतात. बाबांच्या ऑफिसात त्यांच्या शेजारी बसणारा, युरोपातल्या एका छोट्या देशातून आलेला माणूस दोनेक वर्षांत ग्रीनकार्ड घेऊन मोकळा झाला. बाबांच्या अर्जाला पहिल्या कंपनीने टोलवाटोलवी केली, दुसरीने अखेर भरला, आणि त्यावर तारीख पडली ऑक्टोबर २०१०. हीच ती प्रायॉरिटी डेट. आमच्या घरात वाढदिवसांइतकी ही तारीख पाठ होती.

दर महिन्याला परराष्ट्र खातं एक व्हिसा बुलेटिन काढतं. त्यात देशवार लिहिलेलं असतं की आता अमुक तारखेपर्यंतच्या अर्जांचा नंबर लागला. बाबा ते उघडायचे तेव्हा आई ओट्यापाशी उगाच काहीतरी पुसत उभी राहायची. २०१२ च्या वसंतात आमच्या रांगेची तारीख १ मे २०१० पर्यंत आली. आणखी पाच-सहा महिने सरकली की आमचा नंबर. आईने सत्यनारायण बोलला. त्यानंतर तारीख मागे यायला लागली, मधे काही महिने 'उपलब्ध नाही' असं लिहून यायला लागलं, आणि ऑक्टोबरात बुलेटिन उघडलं तर तिथे १ सप्टेंबर २००४ होतं. सहा वर्षं मागे. आम्ही पुण्यातच होतो तेव्हाची तारीख. बाबा काही बोलले नाहीत. त्यांनी लॅपटॉप मिटला आणि मला गणिताचा गृहपाठ झाला का विचारलं, जो त्यांनी आयुष्यात कधी विचारला नव्हता.

घाई बाबांसाठी नव्हती. त्यांचा व्हिसा तीन-तीन वर्षांनी वाढत राहिला असता. घाई माझ्यामुळे होती, कारण एच-४ वरचं मूल एकवीस वर्षांचं झालं की मूल राहत नाही. आपल्या लोकांत म्हणतात, 'एज आउट' होतं. त्या दिवसापर्यंत ग्रीनकार्ड नसेल तर त्याने दुसरा व्हिसा शोधायचा नाहीतर देश सोडायचा. २००२ मध्ये यावर एक कायदा झाला, त्याने वयातून थोडी सूट मिळते, पण ती फक्त अर्ज सरकारी टेबलावर मंजुरीसाठी पडून होता तेवढ्या काळाची. मंजुरीनंतर रांगेत गेलेली वर्षं त्यात धरत नाहीत. आमच्या अर्जाला मंजुरी झटपट मिळाली होती. ती तेवढी झटपट मिळायला नको होती, असं वकील म्हणाले आणि हसले. आम्ही हसलो नाही.

त्याच वर्षी, १५ जून २०१२ ला, राष्ट्राध्यक्ष ओबामांनी लहानपणी अमेरिकेत आणल्या गेलेल्या मुलांना देशाबाहेर न काढता कामाचं परमिट देणारी 'डाका' ही योजना जाहीर केली. मी पंधरा वर्षांची होते. टीव्हीवर वर्णन चालू होतं ते शब्दन् शब्द माझंच: ही मुलं इथल्या शाळांत शिकली, याच झेंड्यापुढे प्रतिज्ञा म्हणत वाढली, मनाने अमेरिकन आहेत, कागदावर तेवढी नाहीत. मी सोफ्यावरून उठून उभी राहिले होते. मग अटी आल्या. सोळाव्या वाढदिवसाआधी आलेलं हवं, मी होते. २००७ च्या जूनपासून सलग राहिलेलं हवं, होते. आणि आजच्या तारखेला कायदेशीर स्टेटस नसलेलं हवं. तिथे मी बाद. माझं स्टेटस चोख होतं.

बाबांचं त्यावरचं म्हणणं ठरलेलं होतं, आणि आमच्या लोकांत ते आजही ऐकू येतं: आम्ही रांगेत उभे राहून आलो. यातला अभिमान मला कळतो. पण ते म्हणताना आवाजात रांगेबाहेरच्यांविषयी जो तुच्छपणा येतो तो मला तेव्हाही आवडायचा नाही. माझ्या वर्गात एक मुलगी होती, तिच्या आईबाबांनी तिला दक्षिण अमेरिकेतून कडेवर आणलं होतं, कागदांशिवाय. तिला डाकाखाली कामाचं परमिट मिळालं आणि ती आइसक्रीमच्या दुकानात लागली. त्याच दुकानात मलाही घेणार होते. मी नाही म्हटलं आणि कारण सांगितलं की अभ्यास आहे. एच-४ वरच्या मुलाला शिकता येतं, गाडी चालवता येते, पण एक डॉलर कमावता येत नाही. तिच्या घरी रात्री दार वाजलं की सगळे दचकायचे, आमच्या घरी कुणी दचकत नव्हतं. हे मला माहीत होतं. तरी उन्हाळाभर मला तिचा हेवा वाटला. ती एका टोकदार चमच्याने कोनावर आइसक्रीम थापायची आणि मी काउंटरच्या अलीकडून बाबांच्या पैशाने ते घ्यायची.

मे २०१५ मध्ये नियम बदलला. ज्यांच्या नवऱ्याचा किंवा बायकोचा ग्रीनकार्डचा अर्ज मंजूर होऊन रांगेत आहे, अशा एच-४ जोडीदारांना काम करायची मुभा मिळाली. जोडीदारांना, मुलांना नव्हे. दहा वर्षांनी आई पुन्हा वर्गात उभी राहिली, मदतनीस म्हणून का होईना. पहिल्या पगारातून तिने मला कॉलेजसाठी बॅग घेतली आणि मी त्या बॅगेवर महिनाभर धुसफुसत होते. कारण हिशेब केला तर घरात आता कमावण्याची परवानगी नसलेली मी एकटी उरले होते. धाकटा आठ-नऊ वर्षांचा होता, पण त्याला वय आलं की विचारायचीही गरज नव्हती.

दोन संस्कृतींच्या चर्चेत मला आणखी एक गोष्ट कुठे सापडत नाही. धाकट्यासाठी पुणं म्हणजे सुट्टी. आमरस, मामाच्या स्कूटरवर पुढे उभं राहणं, पर्वतीच्या पायऱ्या, आणि 'आमचा अमेरिकन' म्हणून होणारं कौतुक. त्याच्याकडे भारताचं ओसीआय कार्ड होतं, म्हणजे व्हिसाची कटकट नाही, तो परदेशी नागरिक म्हणून ऐटीत यायचा आणि पुण्यावर विनाअट प्रेम करायचा. मला ते जमलं नाही. मलाही आमरस आवडायचा. पण घरात "नाहीच झालं काही तर ताई पुण्याला जाईल" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं होतं की आजीच्या घराचं फाटक उघडताना मनात यायचं, आपण इथे येणार ते हरल्यावर. ज्या गावी आपल्याला शिक्षा म्हणून पाठवतील, त्या गावाचा लळा मनसोक्त लागू देता येत नाही. पुण्याचा यात काय दोष होता? आजीला तर मी यावी असंच वाटायचं. तिला हे कधी कळलं असेल का, याचा विचार मी टाळते.

जाणंही फार होत नसे. अमेरिकेत राहून मुदत वाढवून मिळते, पण देशाबाहेर पडलं की परत शिरायला पासपोर्टात नवा शिक्का लागतो, आणि तो शिक्का बाहेरच्या वकिलातीत. स्टँपिंग. एखाद्याचं स्टँपिंग अडकलं, बायकामुलं तिकडे आणि नोकरी इकडे, अशी एक तरी गोष्ट प्रत्येक मंडळात फिरत असते. तेवढ्या भीतीवर किती लग्नं, मुंजी आणि बाराव्याचे दिवस बुडाले असतील!

विसाव्या वर्षी वकिलांनी सांगितलं, एकवीस पूर्ण व्हायच्या आत एच-४ वरून विद्यार्थ्यांच्या एफ-१ व्हिसावर जायचा अर्ज कर. एफ-१ ची मुख्य अट अशी की शिक्षण झालं की मायदेशी परत जायचा इरादा हवा, आणि तो पटवून द्यायचा. मायदेशी तुमचं काय आहे, कोण आहे, परत का जाल? मी दुसरीनंतर भारतात कधी दोन महिने सलग राहिले नव्हते.

वकिलांच्या ऑफिसने मुद्दे मागवले आणि आम्ही तिघं जेवणाच्या टेबलावर बसून माझा भारत जमवायला लागलो. आजीचं कोथरूडचं घर: घाला. मामा, मावशी, चुलत भावंडं: घाला. मराठी लिहिता-वाचता येतं: हे फार चांगलं, घाला, काही पुरावा आहे? मग आईने आतून फाइल आणली. मराठी शाळेची प्रमाणपत्रं, मंडळाच्या स्नेहसंमेलनात लावणी केल्याचा फोटो, निबंधस्पर्धेचं दुसरं बक्षीस, आणि खरंच सांगते, त्या दोन संस्कृतींच्या परिसंवादाची कार्यक्रमपत्रिका, ज्यावर वक्ता म्हणून माझं नाव छापलं होतं. त्यातलं बरंचसं जोडलं गेलं. इतकी वर्षं स्टेजवर जी संस्कृती टाळ्यांसाठी मांडली, तिचा पहिला व्यवहारी उपयोग हा झाला: या मुलीला अमेरिकेत राहायचंच नाहीये, हे दाखवायला.

आणि तीनच वर्षांपूर्वी, कॉलेजच्या प्रवेशासाठी, त्याच टेबलावर मी दुसरा निबंध लिहिला होता. त्यात मी एडिसनची होते. मार्चिंग बँड, स्कूल बसमधलं राजकारण, ज्या दिवशी मला पहिल्यांदा इंग्रजीत स्वप्न पडलं ती सकाळ. तो निबंध शाळेच्या समुपदेशक बाईंनी इतरांना नमुना म्हणून वाचून दाखवला. दोन्ही कागदांत एकही वाक्य खोटं नव्हतं. पण व्हिसाच्या अर्जात कॉलेजच्या निबंधातलं काहीही चुकून येऊ नये म्हणून वकिलांच्या सहायिकेने तो मसुदा दोनदा तपासला. काकांना त्यांच्या प्रश्नाचं उत्तर अखेर लेखी मिळत होतं, फक्त 'दोन्ही' म्हणायची सोय त्या फॉर्मवर नव्हती.

अर्ज मंजूर व्हायला कित्येक महिने लागले. असा स्टेटस बदलायचा अर्ज प्रलंबित असताना अमेरिकेबाहेर गेलं की तो सोडून दिला असं धरतात. आजी त्याच महिन्यांत गेली. बाबा पुण्याला गेले, धाकटा त्यांच्याबरोबर गेला. मी व्हिडिओ कॉलवर होते. धाकट्याने फोन धरला होता, आणि कोण कुठे उभं आहे, काय चाललंय, ते तो मला हळू आवाजात त्याच्या रविवारच्या मराठीत सांगत होता. एवढं सलग मराठी तो माझ्याशी त्याआधी कधीच बोलला नव्हता.

पुढचं लवकर सांगते, कारण ते हजारोंचं झालंय. पदवी, मग शिक्षणाशी निगडित कामाची मर्यादित मुभा, मग एच-१बी ची लॉटरी. वर्षाला ८५ हजार जागा, अर्ज त्याच्या कैक पट, सोडत संगणकावर. माझं नाव लागलं नाही. पुन्हा भरलं, पुन्हा लागलं नाही. मधल्या काळात, २०२१ च्या उन्हाळ्यात, बाबांची ऑक्टोबर २०१० ही तारीख चालू झाली. कोविडमध्ये वकिलाती बंद राहिल्याने कौटुंबिक कोट्यातले न वापरलेले व्हिसे नोकरीच्या रांगेत आले होते आणि त्या वर्षी १ लाख ४० हजारांऐवजी जवळजवळ २ लाख ६२ हजार जागा झाल्या. आईबाबांचे अर्ज भरताना मीच पोस्टातून फोटो काढून आणले. माझा अर्ज त्यात नव्हता. मी चोवीस वर्षांची होते, त्यांचं मूल नव्हते.

मी टोरांटोला गेले, तिथे मास्टर्स केलं, नोकरी धरली. कॅनडाच्या एक्स्प्रेस एंट्रीत, म्हणजे तिथे कायम राहायच्या अर्जांच्या निवडीत, वय, शिक्षण, भाषा, अनुभव यांचे गुण मोजतात. जन्म कुठल्या देशात झाला यावर रांग ठरत नाही. हे वाचलं त्या रात्री मी ते पान बाबांना पाठवलं, काहीही न लिहिता. भाषेची परीक्षा मात्र सगळ्यांना द्यावीच लागते, त्यामुळे तिसरीपासून इंग्रजीत शिकलेली मी आयईएलटीएसला बसले. तोंडी परीक्षेत बाईंनी हसतमुखाने विचारलं, तुमच्या गावाबद्दल सांगा. मी एडिसनबद्दल सांगितलं. ओक ट्री रोडवरची गर्दी, नोव्हेंबरात पानं झडल्यावर घरामागून अचानक दिसायला लागणारा रेल्वेमार्ग. वेळ संपली तरी मी बोलतच होते, त्यांना थांबवावं लागलं.

जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेत नवा आदेश निघाला, की आईबाप तात्पुरत्या व्हिसावर असतील तर यापुढे तिथे जन्मलेल्या मुलाला नागरिक मानू नये. न्यायालयांनी तो अडवला, आणि तो आधी जन्मलेल्यांना लागू नव्हताच. तरी धाकट्याचा फोन आला. आपण जन्मलो तेव्हा आईबाबांकडे नेमका कुठला व्हिसा होता, हे त्याने आयुष्यात पहिल्यांदा विचारलं. मी सांगितलं. तो बराच वेळ नियम विचारत राहिला: किती टक्के, कुठली तारीख, एज आउट म्हणजे काय. एकाच घरात वाढून त्याला यातलं काही माहीत नव्हतं, आणि मला त्याचं वाईट वाटलं नाही. एकाला तरी माहीत नव्हतं हे बरंच झालं.

२०२७ च्या अखेरीस तो एकवीस वर्षांचा होईल. ज्या वाढदिवशी मी घराच्या कागदांतून गळले, त्याच वाढदिवशी नागरिक असलेल्या भावाला बहिणीसाठी ग्रीनकार्डचा अर्ज भरायचा हक्क मिळतो. त्याने हे कुठेतरी शोधून काढलं आणि मला विचारलं, "ताई, मी भरतो तुझ्यासाठी?"

भावंडांची रांग मी त्याला समजावली. भारतात जन्मलेल्यांसाठी २०२५ मध्ये तिथे २००६ च्या आसपासची तारीख चालली होती, म्हणजे तो जन्मला त्या वर्षी कुणीतरी भरलेले अर्ज. मी कॅनडाची नागरिक झाले तरी जन्म पुण्याचाच राहणार. त्याने लगेच हिशेब केला. माझा नंबर लागेल तेव्हा मी पन्नाशीला टेकलेली असेन, आणि दरम्यान मला मूल झालं तर ते कितीचं असेल, हेही त्याने काढलं. "म्हणजे तो एज आउट होऊ शकतो," तो म्हणाला. मूल मुलगाच असणार हे त्याने परस्पर ठरवूनही टाकलं होतं. मी म्हटलं, आधी तुझी डिग्री पूर्ण कर. तो म्हणाला, फॉर्म तर भरून ठेवू, फी मी देतो, माझा उन्हाळ्यातला जॉब आहे. कुठला म्हणून विचारलं, तर आइसक्रीमच्या दुकानात.